धाकटीचा हातगुण

आजोबा त्या दिवशीही उठले नाहीत.

आजोबा म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर. सासऱ्यांनी हौसेनं आणलेला, आता पिवळा पडलेला, टेबलाखाली ठाण मांडून बसलेला. सासरे गेले, मागे हा डबा राहिला आणि घरातल्यांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं. थोरलीनं बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला, हिरवा दिवा लागला न लागला तोच विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं वायर काढली, थोडा दम खाल्ला, वायर लावली, बटण दाबून धरलं, सोडलं. या वेळी पंख्यानं तेवढीही तसदी घेतली नाही.

"राहू दे गं," गल्ल्यावरून सासूबाई म्हणाल्या. "तू नको हात लावूस. धाकटी येईल आता."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ही आग रोजच जायची, त्यामुळे मस्तकालाही तिची सवय झाली होती. ती उठली आणि प्रेसचं बटण चालू करून तिच्याशेजारी उभी राहिली.

खेळाच्या शर्टांवर नंबर आणि नावं छापून द्यायची, हा या घराचा धंदा. कॉम्प्युटरवर अक्षरं मांडायची, ती अक्षरं कटर नावाचं यंत्र रंगीत व्हिनाइलच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, रोलवर कापून देतं. मग नको तो भाग चिमट्यानं सोलून काढायचा, अक्षर शर्टावर बसवायचं आणि प्रेसचं तापलेलं झाकण वरून दाबून धरायचं. कटर जुना होता आणि या जुन्या कॉम्प्युटरशिवाय कुणाला दाद देत नव्हता. थोरलीच्या नवऱ्यानं एकदा नवा लॅपटॉप आणला, तर कटरची वायर बसेल असं भोकच त्याला नव्हतं. लॅपटॉप पोरांनी खेळायला घेतला. तेव्हा आजोबा उठले तर दुकान चालणार, नाहीतर सगळ्यांनी हातावर हात ठेवून बसायचं.

आणि आजोबा उठायचे ते फक्त धाकटीच्या हातानं.

धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ. ती मुलाला शाळेत सोडून, बाजाराची एखादी पिशवी घरी टाकून यायची. पर्स खुंटीला अडकवायची, वाकायची आणि एका बोटानं बटण दाबायची. घर्र करून पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा उजळायचा. जणू काही झालंच नव्हतं! सकाळपासून थोरलीनं या डब्याच्या नाकदुऱ्या काढलेल्या असायच्या, ते सगळं गेलं चुलीत.

"हातगुण असतो एकेकीचा," सासूबाई म्हणायच्या. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवायच्या. गिऱ्हाईक असलं तर त्यालाही सांगायच्या, "आमच्या धाकट्या सुनेशिवाय पान हलत नाही या दुकानात." गिऱ्हाईक धाकटीकडे कौतुकानं बघायचं. थोरली चिमट्यानं आठाच्या आकड्याच्या पोटातला तुकडा उपटायची, जरा जास्तच जोरात.

एकीचा हातगुण चांगला म्हटलं की दुसरीचा कसा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वाईट याचं वाटायचं, की ती खुर्ची मुळात थोरलीची. अक्षरं कशी मांडायची, नंबर पाठीवर कुठं शोभतो, नाव लांब असलं तर अक्षरांना कमान कशी द्यायची, हे सासऱ्यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. धाकटीनं सासऱ्यांना बघितलंसुद्धा नव्हतं. पुढं थोरलीची आई अंथरुणाला खिळली, थोरली माहेरी जाऊन राहिली, आईचं सगळं करून, आईला पोचवून परत आली, तर खुर्चीत धाकटी. "चार दिवस तिला बसू दे, हात बसलाय तिचा," सासूबाई म्हणाल्या होत्या. ते चार दिवस अजून संपले नव्हते. खुर्ची धाकटीची झाली, आणि थोरलीच्या वाट्याला प्रेस आली. बसायला स्टूलसुद्धा नाही. प्रेसवर उभंच राहावं लागतं.

थोरलीला ती खुर्ची परत हवी होती. खुर्चीपायी तिची झोप उडाली होती, जेवताना घास घशाखाली उतरत नव्हता. नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "खुर्चीत काय ठेवलंय? पंख्याचं वारं प्रेसवर पण येतंच की." अशा माणसाशी काय बोलायचं!

मग तिनं आजोबांचंच दुखणं शोधायचं ठरवलं. कारण सापडलं की हातगुणाचं सोंग उघडं पडणार, असा तिचा हिशोब. आधी भिंतीतलं सॉकेट बदलून पाहिलं. मग वायर. मग झाकण काढून ब्रशनं आतली धूळ झाडली. एवढी निघाली की सासूबाई शिंकून शिंकून बेजार झाल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं पुसल्या. आतला नाण्याएवढा सेल बदलला. बटणाच्या बारीक वायरी हलवून घट्ट केल्या. दुपारी जेवणं झाल्यावर ती हे उद्योग करायची आणि दर वेळी आजोबा फट्दिशी उठायचे. "झाला दुरुस्त!" ती जाहीर करायची. सकाळी आजोबा ढिम्म, आणि थोरली तोंडघशी.

रिपेअरवाल्यालाही बोलावून झालं. तो आपल्या सवडीनं दुपारी उगवला. त्यानं बटण दाबलं, चालू. बंद केलं, दाबलं, चालू. त्यानं हा खेळ चहा गार होईपर्यंत केला.

"याला काही झालेलं नाही वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही बटण नीट दाबत नसाल."

सासूबाईंनी थोरलीकडे नुसतं पाहिलं. धाकटी मान खाली घालून माउस पुसत बसली होती. हसू दाबतेय, थोरलीला खात्री होती. त्या दिवशी तिनं घरी जाऊन धाकटीच्या नावानं इतकी बोटं मोडली, की हाताला आणखी बोटं असती तर तीही मोडली असती.

मग घाईची एक ऑर्डर आली. सामने तोंडावर आलेले, दोन संघांचे शर्ट अडलेले. सासूबाईंनी फर्मान काढलं, धाकटीनं सकाळी दुकान उघडतानाच हजर राहायचं, मुलाला नवरा सोडेल. तिघी मिळून आल्या. शटर वर गेलं. आतमध्ये रात्रभराचा गारठा भरून राहिला होता. धाकटीनं पर्स अडकवली, वाकली, बटण दाबलं.

पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

थोरलीच्या मनात काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला आनंद झाला. शर्ट अडले होते, गिऱ्हाईक बोंबलणार होतं, आणि तिला ओठ दाताखाली धरावे लागले. धाकटीनं पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. तिनं वळून सासूबाईंकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळल्यासारखा थोरलीला वाटला, पण उजळायचं काय कारण? घाबरली असेल, थोरलीनं मनाशी म्हटलं.

"तू आधी हात लावलास का गं?" सासूबाईंनी विचारलं. थोरलीला विचारलं!

"मी? मी तुमच्याबरोबरच आत आले ना आई!"

"मग काल बंद करताना लावला असशील." सासूबाईंचा निवाडा तयारच होता. "आजपासून तू त्याला शिवू नकोस. धूळसुद्धा धाकटीच पुसेल."

थोरलीनं प्रेस चालू केली आणि झाकणाकडे असं बघत उभी राहिली, की ते तिच्या नजरेनंच तापलं असतं. तिनं कालचे राहिलेले शर्ट छापायला घेतले. धाकटी नखं बघत बसली. सासूबाई गिऱ्हाइकाला फोनवर थापा मारत होत्या. चांगले पाच-सहा शर्ट झाले, मग सासूबाई म्हणाल्या, "दाब गं आता, तिचा हात जरा लांब गेलाय." धाकटीनं सुस्कारा सोडून दाबलं. घर्र.

"बघ!" सासूबाई म्हणाल्या.

थोरलीच्या हातून चिमटा पडला. तो उचलायला ती वाकली आणि तोल सावरायला तिनं आजोबांच्या पाठीवर हात टेकला. पत्रा गरम होता. आत्ता तर चालू झाला, आणि एवढा गरम? तिनं हात तसाच ठेवला. मग वर पाहिलं. टेबलाच्या कडेला तिची प्रेस, तिच्या खालीच हा डबा. प्रेसचा शेक थेट खाली उतरत होता.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. दुपारी कायम उठायचा. रिपेअरवाल्यापुढं उठला. धाकटी येईपर्यंत प्रेस तापलेली असायची. सकाळी गारठलेला असला की उठायचा नाही.

म्हणजे आजोबांना उठवत होती थोरलीच. रोज, स्वतःच्या हातानं, प्रेस तापवून. धाकटी फक्त येऊन जागं झालेल्याला हाक मारत होती आणि पुण्य पदरात पाडून घेत होती! थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिनं चिमटा उचलला आणि पुढचा शर्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली, पिशवीत केस वाळवायचा ड्रायर घेऊन. प्रेसला हात लावला नाही. आजोबांच्या मागच्या जाळीवर ड्रायरची गरम हवा सोडली, हात भरून येईपर्यंत. मग बटण दाबलं.

घर्र.

तिनं तिथल्या तिथं गिरकी घेतली. मग ड्रायर लपवला, खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि सासूबाईंची वाट पाहू लागली. शटरमधून सासूबाई वाकून आत आल्या आणि उजळलेला पडदा बघून जागीच थबकल्या.

"धाकटी येऊन गेली की काय?"

"मी केला चालू."

सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा निवळला. "कालचा हात टिकला बघ तिचा," त्या म्हणाल्या.

यावर माणसानं काय करावं? डोकं आपटून घ्यावं तर टेबल सासऱ्यांचं. थोरलीनं सगळं समजावून सांगितलं. गारठा, प्रेस, शेक, पत्रा, ड्रायर, अगदी ड्रायर काढून दाखवला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल, तसंही असेल," त्या म्हणाल्या. "तू शेक देत जा, ती बटण दाबत जाईल. दोघींचं जमलं म्हणजे बरं असतं." आणि थोरलीला खुर्चीतून उठायची खूण केली.

त्या क्षणी थोरलीच्या लक्षात आलं, की आजोबा तिच्या हातानं शंभरदा उठले तरी श्रेय धाकटीच्याच नावावर जमा होणार. मग तिनं वेगळंच ठरवलं. मला हातगुण नाही ना? नसू दे. मग कुणालाच नको. रस्त्यावरच्या कुणीही यावं, बटण दाबावं आणि आजोबा उठावेत. बघू मग धाकटीला कोण विचारतं!

ती रिपेअरवाल्याकडे गेली आणि गरम असला की उठतो, गार असला की नाही, हे त्याच्या गळी उतरवलं. त्यानं डोकं खाजवलं. "हे आधी सांगायचं ना वहिनी. मग पॉवर सप्लाय गेलाय, आत वीज पुरवणारा डबा. त्यातले कपॅसिटर सुकले की असंच होतं, गारठ्यात आखडतात." बटण नीट दाबत नसाल असं आपणच म्हणालो होतो, हे तो विसरलाही होता. त्यानं त्याच मापाचा पॉवर सप्लाय काढून दिला. बसवून द्यायलाही येतो म्हणाला. थोरली म्हणाली, काही गरज नाही. हे काम तिला स्वतःच्याच हातानं करायचं होतं.

सुटीच्या दिवशी दुकान बंद असताना ती एकटी जाऊन बसली. झाकण काढलं. कुठली वायर कुठं जाते ते चुकू नये म्हणून तिनं व्हिनाइलच्या रंगीत चिंध्या कापून जोड्या केल्या. वायरीला लाल तर तिच्या जागेलाही लाल, वायरीला निळी तर जागेलाही निळी. मागचे स्क्रू काढले, जुना पॉवर सप्लाय ओढून बाहेर घेतला, नवा सरकवला. मोठा प्लग बसेना, तेव्हा तिनं धाकटीचं नाव घेऊन अंगठ्यानं दाबला. बसला. खरं सांगायचं तर दुकानाचं भलं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. उद्या धाकटीचा चेहरा कसा पडतो, एवढंच डोळ्यांपुढं होतं. त्या चेहऱ्याकडे बघत तिनं सगळे स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बर्फासारखं गार होतं आणि थोरलीनं प्रेस मुद्दाम बंद ठेवली होती. शाळेतले खेळाचे सर शर्टांसाठी येऊन बसले होते. साक्षीदार हवाच होता, आयता मिळाला. धाकटी दारात दिसली तशी थोरली म्हणाली, "आई, तुम्ही दाबा."

"मी? मला नाही त्यातलं काही कळत."

"दाबा हो."

सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा आजोबांना बोट लावलं, तेही चटका बसेल अशा बेतानं. घर्र. त्या दचकून मागे सरल्या. थोरलीनं बंद केला. "आता सर, तुम्ही." सरांनी वाकून दाबलं. घर्र. पुन्हा बंद. मग थोरलीनं स्वतः कोपरानं दाबून दाखवलं. बोटसुद्धा नाही, कोपरानं! घर्र.

"आतला भाग बदलला मी," ती म्हणाली. "आता हातगुणाचं काही राहिलं नाही."

आणि तिनं धाकटीकडे पाहिलं. याच क्षणासाठी तर सगळं केलं होतं.

धाकटी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होती. "म्हणजे आता कुणीही दाबलं तरी चालू होतो?"

"कुणीही," थोरली म्हणाली. शब्द चवीनं म्हणाली.

धाकटी सासूबाईंकडे वळली. तिचा चेहरा पडला नव्हता. असा फुललेला तो थोरलीनं तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. "आई, मग आता मी जाऊ ना? तुम्ही शब्द दिला होतात."

"कुठं?" थोरलीनं विचारलं.

सासूबाई गल्ल्याचा ड्रॉवर उगाच उघडून मिटत राहिल्या. मग धाकटीनंच सांगितलं. पुस्तकांची मुखपृष्ठं करणारं एक ऑफिस होतं. तिथल्या बाईंनी तिची अक्षरं कुठल्याशा संघाच्या शर्टावर पाहिली होती आणि तिला कामाला बोलावलं होतं. वर्ष होत आलं. धाकटी दर महिन्याला विचारायची, आणि सासूबाई म्हणायच्या, तू गेलीस तर आजोबांना कोण उठवणार? दुसऱ्या कुणाच्या हातानं उठायला लागले की खुशाल जा.

"मला कधी बोलली नाहीस," थोरली म्हणाली.

"तुम्ही माझ्याशी कुठं बोलता ताई?" धाकटी सरळ म्हणाली. त्यात राग नव्हता. "त्या दिवशी लवकर आले आणि हा उठला नाही ना, तेव्हा केवढी आशा लागली होती. रोज बटण दाबताना मनात म्हणायचे, आज नको उठूस बाबा, एक दिवस तरी नको उठूस. आणि मेला रोज उठायचा!"

तिनं पुढं येऊन थोरलीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. सुटीच्या दिवशी येऊन, एकटीनं. आणि मी आपली समजत होते, तुम्हाला मी डोळ्यांसमोर नको असते."

थोरलीनं नाही म्हणावं तर काय म्हणून? हो म्हणावं तर कुठल्या तोंडानं? तिचे हात धाकटीच्या हातात तसेच राहिले. धाकटीचे हात थंडगार होते.

धाकटी तेवढ्याच घाईत निघालीसुद्धा. त्या बाई आज ऑफिसात असतील, आजच भेटून घेते म्हणाली. तिची पर्स खुंटीला लागलीच नाही. ती रस्ता ओलांडून गेली, कोपऱ्यावर थांबली, केस सारखे केले आणि वळली. थोरली काचेतून बघत होती. तिला धाकटीचा हेवा वाटला. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं, पण इतकं कधी दुखलं नव्हतं. खुर्चीसाठी नाही, कौतुकासाठी नाही. ती चालली होती म्हणून.

"बस आता," सासूबाई मागून म्हणाल्या. त्यांनी खुर्ची स्वतः पुसली, तिच्यापुढं ओढली. "तुझीच होती." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी थोरलीकडे पाहिलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत या घरात तिला कुणी विचारला नव्हता. "तुला नाही ना गं कुठं जायचं?"

थोरली बसली. जायचं होतं तिला. धाकटीइतकंच, आत्ता, उठून, पर्स घेऊन. पण कुठं, ते काही केल्या सुचेना. तिनं मन कानाकोपऱ्यापर्यंत धुंडाळलं, माहेर आठवलं, तिथं आता आई नव्हती.

"नाही आई," ती म्हणाली, "मी कुठं जाणार?"

सर शर्टांकडे बोट दाखवून काही विचारत होते. तिनं मान हलवली आणि त्यांच्या संघाचे नंबर मांडायला घेतले.